मावशीचं अनेकवचन

साठ-बाराव्या वर्षी मी फ्रेंच शिकायला घेतलं. 'साठ-बारा' ही मुद्रणदोषाची करामत नव्हे. फ्रेंच माणूस एकोणसत्तरपर्यंत तुमच्याआमच्यासारखा सरळ मोजत येतो, आणि सत्तरच्या उंबरठ्यावर त्याचा धीर सुटतो. सत्तरला तो साठ-दहा म्हणतो, बहात्तरला साठ-बारा, ऐंशीला चार-वीस आणि सत्त्याण्णवला चार-वीस-दहा-सात. शेजारच्या बेल्जियमात आणि स्वित्झर्लंडात सत्तरला आणि नव्वदला स्वतंत्र शब्द आहेत म्हणे, पण आमचा जावई पडला फ्रान्सचा. माझी आजी बाजारात अशीच विसांनी मोजायची. चार विसा म्हणजे ऐंशी, पाच विसा म्हणजे शंभर. आम्ही शाळेत जाणारी नातवंडं तिला हसायचो. म्हातारी ऐन पॅरिसच्या चालीने मोजत होती, हे कळायला मला साठ-बारा वर्षं लागली.

आता हा उद्योग कशासाठी, असं तुम्ही विचाराल. आमची कन्या ल्यों नावाच्या गावी असते. तिने तिथलाच नवरा केला. (ह्या वाक्यात एका वर्षाची घरगुती महाभारतं दडलेली आहेत; ती पुन्हा केव्हातरी.) त्यांची मुलगी, म्हणजे आमची नात, सहा वर्षांची. ती मराठी समजते, पण बोलते फ्रेंच. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती धबाधबा बोलायची आणि मी 'हो का? वा, वा!' करत मान हलवायचो. एकदा ती रडवेल्या चेहऱ्याने काहीतरी सांगत होती, तेव्हाही मी 'वा, वा!' म्हणालो. तिचं मांजर हरवलं होतं. त्याच दिवशी मी वही घातली.

वास्तविक सोलापूरच्या माणसाने परकी भाषा शिकण्यात नवल काही नाही. आमच्या गावचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा करता करता चिनी शिकले आणि 1942 साली तिथेच वारले. ते जाऊ द्या. नवी पेठेत तासभर हिंडलात तर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी हिंदी अशा चार भाषांत तुम्हाला धक्के बसतील. पण ह्या भाषा आम्ही शिकत नाही, त्या डास चावावेत तशा आपोआप होतात. पुस्तक उघडून शिकायचं म्हणजे निराळं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, आलियाँस फ्रान्सेज आहे; शिवाय पुण्याची मुलं फ्रेंच घेतात ती मार्क पडतात म्हणून. मला आता मार्क घेऊन करायचंय काय? सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळात बातमी फुटली, तेव्हा एकजण म्हणाला, "का बे, ह्या वयात कुठं नोकरी लागली?"

बाहेरगावच्या वाचकांसाठी खुलासा : सोलापुरात 'बे' ही शिवी नाही. हे आमचं अत्यंत जिव्हाळ्याचं संबोधन आहे. पुण्यात ते वापरून पाहू नये. हा 'बे' लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

शिकणाऱ्याला प्रश्न पडतात आणि मला तर नको तेवढे पडले. मी ते वहीत लिहायचो आणि रविवारी जावयापुढे ठेवायचो. पहिला प्रश्न अर्थातच, टेबल स्त्रीलिंगी का? फ्रेंचमध्ये टेबल ती, खुर्ची ती, पण हातांची आरामखुर्ची तो. जावयाने खांदे उडवले. मग त्याने शांतपणे विचारलं, "मराठीत वाटी ती, चमचा तो आणि ताट ते का?" मी गप्प. एका जेवणाच्या पाटावर तीन लिंगं घेऊन मी साठ-बारा वर्षं बसत होतो आणि घास कधी अडकला नव्हता.

पुढे पुढे तर मला फ्रेंच लोकांबद्दल आपुलकीच वाटायला लागली. दाढी आणि मिशी ह्या दोन खास पुरुषी वस्तू. दोन्ही त्यांच्यात स्त्रीलिंगी, आपल्यातही स्त्रीलिंगी. 'व्यक्ती' त्यांच्यातही बाई, मग ती व्यक्ती मिशाळ फौजदार का असेना. बायकोच्या बाबतीत मात्र आपण त्यांच्या पुढे आहोत. संस्कृतात भार्या स्त्रीलिंगी, दारा पुल्लिंगी आणि कलत्र नपुंसकलिंगी. आणि आमचे आजोबा आजीचा उल्लेख 'आमचं कुटुंब' असा करून तिला सरळ 'ते' मध्ये ढकलत असत. अडलं ते चंद्रापाशी. फ्रेंच चंद्र बाई आहे. मी नातीला चांदोमामा शिकवायला गेलो तर ती हसून हसून लोळली. बाई मामा कशी असेल? शेवटी 'चांदोमावशी' वर तडजोड झाली.

ती हसायची हो. 'ला ताब्ल' च्या जागी मी 'ल ताब्ल' म्हणालो की खिदळायची आणि आईला ओरडून सांगायची. आई बापाला सांगायची, बाप ओठ दाबायचा. एका अक्षराचा फरक. पण मी, पस्तीस वर्षं बँकेत काढलेला, आलेल्या अर्जातली चूक लाल शाईने खुडणारा माणूस, कानशिलं तापून बसायचो. तोंड उघडायची भीती वाटायला लागली. टेबल हा शब्दच टाळून मी 'ती लाकडाची वस्तू' असं काहीतरी म्हणायला लागलो.

एकदा असाच हशा चालू असताना मावशी भांडी विसळत होत्या. (आज मी 'होत्या' लिहितो आहे. तेव्हा 'होती' म्हणत होतो. सगळा लेख ह्या फरकावर आहे.) त्या विडी घरकुलातून येतात, बावीस वर्षं येतात. घरची भाषा तेलुगू, शेजाराची कन्नड, विड्या वळायला जात होत्या तिथली हिंदी, आणि मराठी आमच्याकडे भांडी घासता घासता झालेली. त्यांच्या मराठीत 'दूध सांडली', 'पातेलं फुटला', 'लाईट आलं'. पाहुणे आले की आम्ही ही वाक्यं चिवड्याबरोबर वाढायचो. मी तर नक्कल करायचो, आणि ती चांगली होते असं लोक म्हणायचे.

"पोरगी काय हसतीय ओ, काका?" मावशींनी विचारलं.

मी सांगितलं. टेबल बाई आहे, मी बाप्या केलं.

मावशी विचार करून म्हणाल्या, "आमच्यात ही कटकट नाय. बाप्या आला तर वच्चाडु. बाई आली तर वच्चिंदि. बस आली तरी वच्चिंदि."

"म्हणजे बाई आणि बस एकच?"

"एकच की."

"आणि बाईला मान द्यायचा असला तर?"

"मग वच्चारु. सासू आली की वच्चारु."

मी हे वहीत टिपून घेतलं. आपल्या स्वयंपाकघरात चार भाषा बोलणारी विदुषी बावीस वर्षं उभी होती आणि आपण तिला पातेल्याचं लिंग चुकलं म्हणून हसत होतो, हा विचार तेव्हा मनात आला असं मी म्हणालो तर ते खोटं ठरेल. तेव्हा एवढंच वाटलं की आता नक्कल करायला नको. माझी कानशिलं तापतात तशी तिची तापत असतील की काय, कुणी विचारलं होतं?

ह्यानंतरचा अध्याय गड्ड्याचा. गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा, संक्रांतीची. ती बघायला कन्या, जावई आणि नात अशी तिघं आली. मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने भल्या सकाळी उतरली. फलाटावर मी, माझे दोन भाऊ, शाली, नारळ. जावयाने वर्षभर खपून मराठी शिकलेलं होतं. तो डब्यातून उतरला, वाकून नमस्कार केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बाबा, तू कसा आहेस?"

माझ्या थोरल्या भावाच्या हातातला नारळ हलला. आमच्याकडे सासरा जावयाला तुम्ही म्हणतो, जावई सासऱ्याला तुम्ही म्हणतो, दोघंही एकमेकांना घाबरून असतात आणि संसार सुखाचे होतात. मी "बरा आहे, बरा आहे" करत वेळ मारून नेली. रिक्षात कन्या कानाशी लागली, "बाबा, त्याच्या भाषेत घरच्या माणसाला तू म्हणतात. तो तुम्हाला जवळचं मानतो."

घरी आलो. मावशी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. जावई चटकन उठून उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार मावशी. तुम्ही कशा आहात?"

मावशींनी मागे वळून पाहिलं. आपल्या पाठीमागे कोण उभं आहे ते बघायला.

म्हणजे पाहा, सासरा तू आणि भांडीवाली तुम्ही! माझ्या भावाने त्याच संध्याकाळी मला बाजूला घेऊन "पोराला जरा व्याकरण शिकव" असा सल्ला दिला. रात्री कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या साक्षीने मी विषय काढला. जावई खूष. म्हणाला, फ्रेंच शिकणारा जगातला प्रत्येक माणूस हा प्रश्न विचारतो, कुणाला तू आणि कुणाला तुम्ही? आपल्या अरे-तुरे करण्याला आणि अहो-जाहो करण्याला त्यांच्याकडे स्वतंत्र क्रियापदंच आहेत. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, 1793 साली, सरकारी कामकाजात सगळ्यांनी एकमेकांना तूच म्हणावं असा हुकूम निघाला होता. राजाचं डोकं उडवणं सोपं गेलं, पण हा हुकूम काही फार दिवस टिकला नाही. कॅथलिक मंडळी आपल्या मुख्य प्रार्थनेत देवाला तुम्ही म्हणत. 1966 पासून तू म्हणायला लागली. (आपला विठोबा पहिल्यापासून तू. ह्या बाबतीत पंढरपूर पॅरिसच्या सातशे वर्षं पुढे आहे.) आणि ज्यांनी लग्न न करता आयुष्यभर सोबत केली ते सार्त्र आणि सिमोन द बोव्हार एकमेकांना अखेरपर्यंत तुम्ही म्हणत होते.

"दोघंही?" आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारलं. तेव्हा मी त्या प्रश्नाकडे लक्ष द्यायला हवं होतं.

"ते सगळं ठीक आहे," मी म्हणालो, "पण मावशीला आम्ही तू म्हणतो ते काही कमी लेखून नव्हे. ती घरचीच आहे. घरच्या माणसाला तू, हे तूच सांगितलंस." चेकमेट केल्याच्या आनंदात मी शेंगाचटणीचा घास घेतला.

जावयाने प्रामाणिक कुतूहलाने विचारलं, "मग त्या तुला तू म्हणतात?"

चटणी तिखट होती असं मी म्हणालो.

तो भांडत नव्हता हो. तो शिकणारा होता आणि त्याला नियम हवा होता. "बँकेत पंचवीस वर्षांची मुलगी असते, तिला?" तुम्ही. "रिक्षावाला?" वय बघून. "पोलीस?" तुम्ही, वय न बघता. "साठीच्या मावशी?" तू. त्याने वहीत तक्ता केला आणि म्हणाला, "नियम सापडत नाही." नियम स्वच्छ होता, फक्त मला तो मोठ्याने सांगवत नव्हता. आपल्या गावात अजूनही कुठल्या वस्तीतल्या म्हाताऱ्याला कुठल्या आळीतलं पोर 'ए' म्हणून हाक मारतं, हे मला ठाऊक होतं आणि ते व्याकरणाच्या पुस्तकात नसतं.

रात्री झोप येईना. मराठीत 'एकेरी' शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, तू-तडाक करणं. दुसरा, वाहतूक एकाच बाजूने चालू असणं. हे दोन अर्थ एका शब्दात ज्याने बसवले तो मनुष्य भाषाकोविद असो की ट्रॅफिक हवालदार, मोठा जाणता होता. आईला मी तू म्हणायचो आणि ती मला तू म्हणायची, रस्ता दुहेरी. तलावाकाठी मला कुणी 'का बे' म्हणालं तर मीही त्याला 'का बे' म्हणू शकतो. म्हणून तर 'बे' गोड. तोच 'बे' ज्याला परत फेकता येत नाही त्याच्यावर टाकला की दगड होतो. शब्द तोच, फरक परतीच्या रस्त्याचा.

मग वडील आठवले. ते मला तू म्हणत, मी त्यांना अहो. त्यांच्या अखेरच्या दिवशी, तोंडात पाणी घालतानासुद्धा मी "अहो बाबा, जरा तोंड उघडता का" असंच म्हणालो. ती एकेरी वाहतूकच होती, पण तिचं मला कधी दुःख झालं नाही. का नाही झालं? बराच वेळ आढ्याकडे बघून उत्तर सापडलं ते असं : मला माहीत होतं की एक दिवस मी बाप होईन आणि रस्ता उलटा फिरेल. माझी पाळी येणार होती. मावशींची कधी येणार? बावीस वर्षांत आमच्या घरातली पाळण्यातली पोरं मोठी झाली आणि प्रत्येकाने बोलायला लागल्याबरोबर मावशींना तू म्हटलं.

"झोपला नाहीत?" शेजारून आवाज आला.

मी माझा हा रस्त्याचा सिद्धान्त उत्साहाने सांगितला. ऐकून घेतल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "चव्वेचाळीस वर्षं तुम्ही मला अगं म्हणताय आणि मी तुम्हाला अहो. माझी पाळी कधी?"

आणि कुशीवर वळून त्या झोपल्या. मी जागा.

पाहुणे गेले. जाताना जावयाने मला त्याचं जुनं फ्रेंचचं पुस्तक दिलं. त्यात एक धडा होता 'खोटे मित्र' नावाचा. ओळखीचे वाटणारे आणि दगा देणारे शब्द. इंग्रजी येणारा माणूस फ्रेंच 'लिब्रेरी' पाहून लायब्ररी समजतो, ते निघतं पुस्तकांचं दुकान. 'मॉने' पाहून मनी समजतो, ते निघतात सुट्टे पैसे. ह्यात आपल्याला शिकण्यासारखं काही नाही. हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, हे आपण शाळेत मार खाऊन शिकलो. मी मराठीतले आणखी खोटे मित्र शोधायला लागलो आणि पेन्सिल आपोआप एका शब्दावर थांबली. मावशी.

माझी खरी मावशी पंढरपूरला होती. ती आली की तिला पलंगावर जागा, चांगल्या कपबशीत चहा, जाताना खण-नारळ. ह्या मावशींचा कप खिडकीत वेगळा. दांडी मोडलेला, निळ्या फुलाचा. तो कुणी कधी ठरवला नव्हता, तो असाच ठरला होता. त्यांना बसायला मोरीजवळचा पाट. शब्द तोच, स्पेलिंग तेच, अर्थ निराळा. पुस्तकातल्या व्याख्येत अगदी चपखल बसत होता.

मी निश्चय केला. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या आणि मी वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणालो, "मावशी, चहा घेता ना? बसा तुम्ही. आधी चहा घ्या."

त्यांच्या हातातला झाडू थांबला. चेहरा उतरला. "काका, काय चुकलं का ओ माझं?"

"छे, छे! तुम्ही बसा ना."

"काय हरवलंय का घरात?"

मी जितका आदर वाढवत गेलो तितक्या त्या पांढऱ्या पडत गेल्या. आदर हा प्रकार त्यांच्याकडे आजवर दोनच वेळा आला होता, एकदा कामावरून काढताना आणि एकदा निवडणुकीत. शेवटी त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि सौभाग्यवतींना कुजबुजत विचारताना मी ऐकलं, "ताई, काकांची तब्येत बरी हाय ना?"

आठ दिवस घरात तंग वातावरण होतं. मी 'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही टाळून बोलायला लागलो. "चहा घ्यायचा का?" "झाडून झालं का?" कर्त्याशिवाय मराठी बोलणं फार अवघड असतं. व्याकरणदृष्ट्या आमच्या घरात माणसंच उरली नव्हती, नुसती कामं होत होती. रविवारी जावयाला रडगाणं सांगितलं. तो म्हणाला, "तू त्यांनाच का नाही विचारत?"

पाहा! साठ-बारा वर्षांच्या माणसाला हे सुचू नये? मी बाकी सगळ्यांना विचारलं होतं. पुस्तकाला, भावाला, पॅरिसच्या क्रांतिकारकांना.

विचारलं. मावशी हसल्या. बावीस वर्षांत त्या माझ्यासमोर अशा मोकळ्या हसल्याचं मला आठवत नाही. म्हणाल्या, "जावईबापूंचं बरोबर हाय. त्यांना पगार द्यायचा नाय ना, त्यांना तुम्ही म्हणायला परवडतंय."

ह्याला उत्तर नव्हतं. त्या पुढे म्हणाल्या, "जावईबापू इथं महिनाभर राहिले. तिकडं त्यांचा खाडा नाय पडला?"

मी सांगितलं की तिकडे वर्षाला पाच आठवडे भरपगारी रजा असते, कायद्यानेच. आधी 1936 साली दोन आठवडे मिळाले आणि वाढत वाढत 1982 साली पाच झाले. माहिती सांगायला मला नेहमीच आवडतं. मावशी झाडू टेकवून ऐकत होत्या.

"भांडीवालीला बी?"

मला खात्रीने ठाऊक होतं ते मी सांगितलं. "हो. नोकरी करणाऱ्या सगळ्यांना."

"आणि पगार कापत नाय?"

मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर कालनिर्णय होतं. त्यावर माझ्याच अक्षरात चौकोनांमधून 'दू' आणि 'मा' लिहिलेलं. दू म्हणजे दुधाचा खाडा, मा म्हणजे मावशीचा. दूधवाला आला नाही की पैसे वजा, मावशी आल्या नाहीत की पैसे वजा. बँकेत असताना माझ्या रजांना केवढी सुरेख नावं होती! किरकोळ रजा, आजारपणाची रजा, हक्काची रजा. निवृत्त होताना न घेतलेल्या रजेचेसुद्धा मला पैसे मिळाले आणि त्यातून हा गॅलरीचा भाग बांधला. मी घरी राहिलो की ती रजा. त्या घरी राहिल्या की तो खाडा. शब्दसंग्रहाचा प्रश्न. वहीत लिहिला नव्हता एवढंच.

त्या दिवशी सौभाग्यवतींच्या अध्यक्षतेखाली ठराव झाला. महिन्याला दोन रजा भरपगारी, आजारपण वेगळं, पगाराचा आकडा वाढीव. निळ्या फुलाचा कप फुटला. कुणाच्या हातून ते सांगत नाही. मी 'तुम्ही' म्हणायचं की नाही हा विषय बैठकीत मुद्दाम घेतला नाही, कारण अध्यक्षबाईंनी तो घेतला असता तर त्यांच्या स्वतःच्या चव्वेचाळीस वर्षांच्या थकबाकीचा विषय निघाला असता. तसा तो निघालाच. परवा संध्याकाळी गॅलरीत बसलो असताना त्या एकदम म्हणाल्या, "चहा घेतोस?" आणि आम्ही दोघंही नव्याने लग्न झाल्यासारखे इकडेतिकडे बघायला लागलो. दूध उतू गेलं. उतू गेली, म्हणाल्या असत्या मावशी.

पहिली रजा मावशींनी गेल्या महिन्यात घेतली. सकाळी फोन आला, मीच उचलला.

"काका, आज मी रजेवर हाय."

"बरं, बरं," मी म्हणालो. "उद्या या सावकाश. तुम्ही काळजी करू नका."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग मावशी म्हणाल्या, "काका, ताई हायत का? त्यांना द्या बरं फोन."